जादा दिव्यांचा जमाखर्च

कार्तिक लागला की शिरोळ, हातकणंगले, मिरज या तालुक्यांतील रस्त्यांवर निराळीच वर्दळ सुरू होते. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि सूर्य मावळला तरी उसाची वाहने थांबत नाहीत. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांना हातहातभर बाहेर आलेल्या मोळ्या, आणि मागचा तांबडा दिवा एक तर फुटलेला किंवा उसाआड झाकलेला. कोणी चमकती पट्टी चिकटवलीच तर चार दिवसांत ती धुळीने माखते. रात्री दुचाकीवरून घरी परतणाऱ्याला ट्रॉली अशी दिसतच नाही. पुढचा अंधार एके ठिकाणी थोडा अधिक दाट आहे, एवढेच जाणवते.

जयसिंगपूरच्या बाजूला पेंड-सरकीचे दुकान असलेल्या एका कुटुंबातील धाकट्या मुलाला हा अंधार रोजचा झाला होता. पशुखाद्याची उधारी भर दुपारी मागून मिळत नाही. शेतकरी संध्याकाळची धार काढतो, संस्थेत दूध घालतो, हातपाय धुऊन ओसरीवर बसतो. त्यानंतरच त्याच्याशी हिशेबाची गोष्ट काढता येते. त्यामुळे वसुलीची वेळ सात ते नऊ, आणि परतीचा रस्ता उसाच्या वाहनांचा. एका रात्री समोरून आलेल्या ट्रकच्या प्रकाशाने त्याचे डोळे दिपले, ट्रक निघून गेला, आणि पुढच्याच क्षणी ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाची टोके त्याच्या हेल्मेटला घासून गेली. घरी त्याने हे कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो गाडीला दोन जादा दिवे बसवण्याची चौकशी करू लागला, तेव्हा आजोबांनी, म्हणजे साऱ्या घराच्या अण्णांनी, कारण विचारले आणि सांगणे भाग पडले.

मागणी अवाजवी नव्हती. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १६.७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर झाले. कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. डिपरवर असलेल्या दिव्याचा कामाचा झोत जेमतेम तेवढाच पोचतो. वेग ४५ वर आणला तर हेच सारे अंतर तीस-तेहतीस मीटरवर येते आणि त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागत नाही, हे अण्णांनी नातवाला प्रथम सांगितले. नातवाने ते मान्य केले. पण दिव्यांचा हट्ट सोडला नाही, आणि अण्णांनाही तो सोडवावासा वाटला नाही.

बाजारात हे काम अर्ध्या तासात करून मिळत होते. दोन एलईडी दिवे लेग गार्डवर आवळायचे, हेडलाइटच्या वायरचे आवरण ब्लेडने सोलायचे, तिथेच नवी वायर पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची आणि हँडलवर एक बटण लावायचे. दिवे लगेच लागतात, गिऱ्हाईक खूश होते. अण्णांनी गाडी तिकडे नेऊ दिली नाही. गावातल्या ज्या जुन्या मेस्त्रीकडे घरचा टेम्पो वर्षानुवर्षे जात होता, त्याच्याकडे नातवाला घेऊन ते स्वतः गेले.

मेस्त्रीने आधी नव्या दिव्यांकडे पाहिलेच नाही. त्याने विचारले, “जाताना मागे काय असतं?”

“सरकीचं एखादं पोतं. कधी दोन.”

“मग तुमचा दिवा रस्त्यावर नाही पडत, झाडावर पडतो.” कॅरियरवर ओझे आले की गाडीचा मागचा भाग दबतो, तोंड वर होते आणि झोत आकाशाकडे उचलला जातो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्या चाकापुढे अंधार राहतो. व्यापारी घरांतील बहुतेक दुचाक्यांची हीच कथा आहे. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरचा ताण वाढवणे, हेडलाइटचा स्क्रू फिरवून झोत बसवणे आणि वर्षानुवर्षे धूळ खाऊन पिवळसर झालेली काच पुसणे किंवा बदलणे, इतक्यानेच निम्म्या लोकांची जादा दिव्यांची गरज संपते, असे मेस्त्रीचे मत होते. या मुलाची मात्र संपली नाही.

त्यानंतर जो हिशेब झाला, तो अण्णांना लगेच उमगला, कारण तो जमाखर्चाचाच होता. बॅटरी हे उत्पन्न नाही. ती शिल्लक आहे. उत्पन्न अल्टरनेटरचे, आणि तेही इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून. समजा, एखादा अल्टरनेटर मिनिटाला ५,००० फेऱ्यांना २०० वॅट देतो. त्यातून पुढचा दिवा ५५ वॅट घेतो, मागचा दिवा आणि मीटर मिळून १०, आणि इंधनाचा पंप, इंजिनचा संगणक व ठिणगी यांचे मिळून ६० धरा. उरले ७५. त्यातही ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, आणि सकाळी स्टार्टरने उचललेली वीज बॅटरीला परत करणे, यासाठी वीसेक वॅट राखून ठेवावे लागतात. हातात राहिले पंचावन्न. २० वॅटचे दोन एलईडी दिवे म्हणजे ४० वॅट. ते या उरलेल्या रकमेत बसतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. ते बसत नाहीत, आणि ते लावणाऱ्याची गाडी रोज थोडी थोडी शिल्लक खात राहते. शिवाय गाडी उभी राहून मंद फेऱ्यांवर धडधडत असेल तेव्हा उत्पन्न निम्म्याहून खाली येते, खर्च मात्र तसाच चालू राहतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत सतत पेटता असण्याची सक्ती झाली, त्यामुळे तो खर्च वाचवण्याची सोयही आता उरलेली नाही.

शिल्लक तरी किती? ३५० सीसीच्या त्या गाडीत ८ अँपिअर-अवरची बॅटरी होती. ४० वॅटला १२ व्होल्टने भागले की ३.३ अँपिअर येतात. इंजिन बंद ठेवून हे दिवे चालू राहिले तर कागदावर अडीच तासांच्या आत खाते रिकामे होईल; प्रत्यक्षात स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत बॅटरी ३ ते ५ अँपिअर-अवरचीच असते, तेव्हा त्यांच्या मालकांनी याहून लहान दिव्यांवर समाधान मानावे हे बरे.

हा ताळा पाहण्यासाठी अंदाजाची गरज नाही. काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांवर लावावा. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. इंजिन रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगाने फिरत असताना, जादा दिव्यांसह सर्व काही लावून, तो साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान राहिला पाहिजे. तेराच्या खाली घसरला तर खर्च उत्पन्नाच्या वर गेला, असे समजावे.

मग प्रश्न आला वाटेचा. हेडलाइटची वायर पिळून नवे दिवे का लावू नयेत? कारण ती वायर, तिच्यावरचे बटण आणि तिचा फ्यूज, हे सारे कारखान्याने एकाच दिव्याच्या भाराला मोजून घातलेले असते. हँडलवरच्या बटणाच्या आतली तांब्याची पट्टी मुगाच्या दाण्याएवढ्या टोकावर टेकते. तिच्यातून दुप्पट-तिप्पट प्रवाह वाहिला की ती तापते, काळवंडते, प्लास्टिक मऊ होते, आणि एके रात्री नवे दिवे तर जातातच, मूळचा दिवाही त्यांच्याबरोबर जातो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर इंजिनाचा कारभार संगणक पाहतो. त्याच्या किंवा एबीएसच्या वायरला चुकूनही चिमटा लागता कामा नये. जुन्या लहान गाड्यांची अडचण वेगळी. त्यांतील पुष्कळांचा पुढचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या उलटसुलट प्रवाहावर चाले, म्हणूनच इंजिनाच्या आवाजाबरोबर त्याचा उजेड कमीजास्त होई. तिथे जोडलेला एलईडी लुकलुकतो आणि लवकर मरतो.

यावरचा उपाय म्हणजे रिले. काड्यापेटीपेक्षाही लहान, काळा, चौकोनी असा हा डबा असतो आणि त्याच्या पायांशी ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ज्यांनी बँकेचा व्यवहार पाहिला आहे त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. अधिकारी चेकवर सही करतो. नोटांची बंडले तो स्वतः उचलत नाही. त्याची सही पोचली की रोखपाल तिजोरीतून रक्कम देतो. हँडलवरचे बटण म्हणजे ही सही. त्यातून रिलेच्या ८५ आणि ८६ या दोन पायांना जेमतेम पाव अँपिअरच्या आतला प्रवाह जातो. तेवढ्याने आतली गुंडाळी लोहचुंबक बनते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि ३० व ८७ हे दोन पाय जोडले जातात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर असते, ८७ वरून ती दिव्यांकडे जाते. खरी रक्कम या वाटेने वाहते. बटणाला तिची झळ लागत नाही आणि मूळ वायरिंगलाही नाही.

सही कोणाच्या हुकमाने व्हावी, यावर मेस्त्रीने बराच वेळ घालवला. बटणाला वीज थेट बॅटरीतून दिली, तर किल्ली काढून नेल्यावरही दिवे लागू शकतात. दुकानासमोर गाडी उभी असताना एखादे पोर सहज बटण दाबते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. म्हणून किल्लीबरोबर सुरू-बंद होणारी वायरच बटणाला मिळाली पाहिजे. दूरवर झोत टाकणाऱ्या दिव्यांसाठी तर त्याने अप्परच्याच वायरची निवड केली. अप्पर लागला की जादा दिवे लागतात, समोरून वाहन येताच अंगठ्याने डिपर केला की मूळ झोताबरोबर तेही विझतात. वेगळे बटण शोधत बसावे लागत नाही. नातवाला हे आधी रुचले नाही. डिपरवरही दिवे हवे होते.

अण्णांनी विचारले, “त्या रात्री तुझे डोळे कशाने दिपले होते?”

“ट्रकच्या लाइटनं.”

“त्यालाही वाटलंच असेल ना, आपल्याला जास्त उजेड हवा म्हणून?”

नातू गप्प झाला. जोडणी अप्परवरच झाली.

फ्यूजविषयी लोकांचा गैरसमज फार जुना आहे. तो दिव्याच्या रक्षणासाठी असतो असे सारे मानतात. तो असतो वायरच्या रक्षणासाठी. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वायर कुठेही गाडीच्या सांगाड्याला उघडी टेकली, तर तिच्यातून तीन अँपिअर वाहत नाहीत. बॅटरी जे काही देऊ शकेल ते सारे एकदम वाहते. आवरण वितळते, शेजारच्या वायरींचे वितळते, आणि हे बहुधा पेट्रोलच्या टाकीखालीच घडते. फ्यूज हा या प्रसंगी सर्वांआधी जळण्यासाठी नेमलेला असतो. म्हणून त्याची जागा दिव्यांजवळ नव्हे, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत. फ्यूजच्या अलीकडे जेवढी वायर राहील तेवढी बेवारस. त्याचे मापही भारावरून ठरते. ३.३ अँपिअरच्या भाराला ५ अँपिअरचा फ्यूज. पात्याच्या आकाराच्या फ्यूजांत हा फिकट बदामी रंगाचा येतो, साडेसातचा तपकिरी, १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा.

आणि तो उडाला तर? इथेच हुशार माणसेही चुकतात. रात्रीच्या वेळी, रस्त्यात, हाताशी असलेला २० चा फ्यूज बसवला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तांब्याच्या तारेचे दोन वेढे. दिवे लागतात आणि गोष्ट विसरली जाते. थकलेल्या खातेदाराची चौकशी न करताच त्याची उचल चौपट करून देण्यासारखा हा प्रकार. फ्यूज उडतो तेव्हा कुठेतरी आवरण घासलेले असते किंवा पाणी शिरलेले असते. मोठा फ्यूज घातल्यावर तो जळायचा थांबतो आणि त्याच्या जागी वायर जळते. मेस्त्रीने ५ अँपिअरचे दोन जादा फ्यूज सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत टाकून ठेवले, मोठा एकही ठेवला नाही.

फ्यूजलाही न सापडणारा एक चोर आहे, तो म्हणजे सैल सांधा. तिथून वाहणारा प्रवाह मर्यादेच्या आतच असतो, त्यामुळे फ्यूजला काही गैर दिसत नाही. पण सांध्याचा अवरोध वाढलेला असल्याने तेवढी जागा तापत राहते. महिन्याच्या महिन्याला थोडी रक्कम गळावी आणि ताळेबंद तरीही जुळावा, तसे. याला इलाज फक्त हातकामाचा. वायर पिळून टेप गुंडाळणे हे दुचाकीवर काम नव्हेच. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो, धक्क्यांनी पीळ सुटतो. वायरच्या टोकाला पितळी लग योग्य पक्कडीने दाबून बसवावा, ओढून पाहावा आणि त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. मूळ वायरवर नुसत्या दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, त्या झटपट बसतात खऱ्या. पण त्यांचे पाते आतल्या काही तारा कापते आणि पावसाळ्यात तिथून गंज शिरतो. घराच्या वायरिंगमधली एकेरी जाड तारही येथे चालत नाही. थरथर सोसून सोसून ती आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते. बारीक तारांची, उष्णता सोसणारी, वाहनांसाठी म्हणून विकली जाणारी वायरच घ्यावी. ४० वॅटला १ चौरस मिलिमीटर जाडी पुरते. जाडीत काटकसर केली तर हॅलोजनवाल्यांचे नुकसान अधिक, कारण वाटेत व्होल्टेज एक दशांश गळले की हॅलोजनचा उजेड जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो. एवढे पैसे घालून मंद दिवे मिळवण्याचा हा हमखास मार्ग होय.

परतीच्या वायरकडे, म्हणजे अर्थकडे, कोणी लक्ष देत नाही. लेग गार्डच्या रंगावर स्क्रू आवळून काम भागवले जाते. रंग वीज वाहू देत नाही. मेस्त्रीने दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र करून सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला आणल्या.

वायर कुठून न्यायची, हे ठरवायला त्याने हँडल एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून पाहिले. मानेपाशी वायर ताणली जाते किंवा चिमटते, आणि रोज शेकडो वळणांत तिचे आवरण झिजते. म्हणून तिथे थोडी ढील दिली आणि वर नळीचे कवच चढवले. सायलेन्सरपासून दूर, टाकीखाली दबणार नाही अशी, वीतवीतभर अंतरावर पट्ट्यांनी बांधलेली. दिव्याशी शिरणारी वायर खालून वर गेली पाहिजे, म्हणजे पावसाचे पाणी वायरवरून ओघळून खाली पडते, जोडात शिरत नाही. दिव्यांवर ‘आयपी ६७’ असे छापलेले होते; त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी बिघडत नाही. हा शिक्का दिव्याला असतो, मधल्या जोडाला असेलच असे नाही. घरातले बटण हँडलवर लावणारेही सापडतात. ते भिंतीवरच्या उलटसुलट प्रवाहासाठी बनलेले असते आणि पावसाचा एक थेंबही त्याला सोसत नाही. बॅटरीच्या सरळ प्रवाहासाठी मापलेले, रबरी आवरणाचे बटणच हवे, आणि ते हातमोजा घालूनही न बघता सापडेल अशा जागी.

या सर्व कामाआधी त्याने बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवले होते आणि शेवटी तेच सर्वांत मागाहून जोडले. पान्याचे एक टोक धन बोल्टवर आणि दुसरे चुकून सांगाड्याला टेकले तरी, ऋण टोक सुटे असेल तर काही होत नाही. उलट क्रमाने गेल्यास ठिणगी आणि भाजलेला हात. ही गोष्ट घरी स्वतः काम करू पाहणाऱ्या हौशी मुलांना आईवडिलांनी दहादा सांगितली तरी अधिक होणार नाही.

कागदपत्रांची बाजू अण्णांनी स्वतःकडे घेतली होती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे स्पॉटलाइट वा सर्चलाइट नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीखेरीज वापरता येत नाही. म्हणून कोणते दिवे चालतील हे प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारावे, आणि काही कंपन्या आपल्या गाड्यांसाठी स्वतःचे जादा दिवे विकतात, तसे मिळत असल्यास तेच घ्यावेत. त्यांचा वायरींचा संच कपलरने जोडला जातो, मूळ वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीवरून वाद होत नाही. या गाडीसाठी तसा संच मिळत होता. तो बाजारातल्या दिव्यांहून बराच महाग पडला. अण्णांनी त्याची पावती जपून ठेवली आणि विमा कंपनीला कळवले. गाडीच्या सर्वसमावेशक विम्यात नंतर बसवलेल्या विद्युत उपकरणांसाठी २४ क्रमांकाची पुरवणी असते. किंमत जाहीर करून थोडा जादा हप्ता भरला की ती पॉलिसीला जोडली जाते. विद्युत बिघाडाचे नुकसान मुळात विम्यात येत नाही, आगीचे येते. आणि आग लागल्यावर सर्वेक्षक येऊन न कळवलेली जोडणी पाहतो, तेव्हा या दोहोंमधला फरक पटवून देणे मालकाला अवघड जाते. ज्यांनी दुकानाच्या विम्याचा दावा एकदा तरी लढवला आहे, त्यांना यापुढचे सांगायला नको.

दिवे बसले त्या दिवशी संध्याकाळी गाडी गोदामाच्या शटरसमोर, सपाट जागी उभी केली. कॅरियरवर सरकीचे पोते ठेवले, मुलगा गाडीवर बसला. कारण रिकाम्या गाडीवर लावलेला झोत भरल्या गाडीला लागू पडत नाही. मेस्त्रीने जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजली, शटरवर तेवढ्याच उंचीवर खडूची रेघ ओढली आणि झोताचा सर्वांत तेजस्वी भाग रेघेच्या खाली राहील असे दिवे वाकवले. नियमांत याचेही माप आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याचे ते दिपता कामा नयेत.

मेस्त्रीने टेपने ८ मीटर मोजून दिले. शटर वर केले आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी केली. अण्णा काठी टेकत त्या खुणेपर्यंत गेले, अर्धे पाऊल बाजूला सरले आणि दिव्यांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी गुडघे किंचित वाकवले, कारण दीड मीटर ही त्यांच्या डोळ्यांहून थोडी खालची उंची होती.

“लाव रे बाळ.”

नातवाने अप्पर लावला. रिलेचा ‘टक्’ आवाज आला. अण्णांनी डोळ्यांवर हात धरला.

“डावीकडचा अजून खाली घ्या, मेस्त्री. आणि पोतं काढू नका अजून.”